पॉलीफनी म्हणजे नक्की काय? (घरात भांडण लागलंय)

द्वारका सर्कल
नाशिककर मंडळी, प्रश्न घरगुती आहे, पण उत्तर गाण्यातल्या नाहीतर भाषेतल्या जाणकाराकडून हवंय.

मुलगी सातवीत आहे. शाळेच्या समूहगानात यंदा तिला 'अल्टो' मिळालंय. म्हणजे मुख्य चाल पुढच्या रांगेतल्या मुलींना आणि तिच्या खालची ओळ हिला. पंधरा दिवस झाले, रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तीच ओळ घोकते. सहा-सात अक्षरं एकाच सुरावर, मग एक पायरी खाली, परत वर, परत तिथेच. परवा आई मेथी निवडत बसली होती. ती सहज म्हणाली, "अगं, ह्याला चालच नाहीये. बाईंनी तुला उरलंसुरलं दिलंय का?" झालं. पोर रडायलाच लागली.

मी मध्ये पडलो आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आई, ह्याला पॉलीफनी म्हणतात, एकाच वेळी अनेक आवाज. आई म्हणाली, "मग रामकुंडावर संध्याकाळी असते तीच ना? इकडे गंगेची आरती, पलीकडच्या देवळात भजन, आणि मध्ये कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात रविवारी सावानात (सार्वजनिक वाचनालयात) एका मासिकात कादंबरीचं परीक्षण वाचलं, तिथे कादंबरी 'बहुस्वरी' असल्याचं लिहिलेलं. म्हणजे गाणं नसतानाही पॉलीफनी!

तर तीन प्रश्न. ही भानगड नक्की काय? आपल्या संगीतात ती आहे का? आणि कादंबरीत ती कशी शिरली?

बोगद्यात अडकलेला
आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. अकरा आवाज, एक विषय (पार्किंग). तिकीट नाही, या ऐकायला.

खर्जातली
वाचतेय. खुर्ची पकडून ठेवते.

शुद्ध मध्यम
आजींच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो तुमच्या उत्तरापेक्षा चांगला आहे.

घाटावर आरती आणि भजन एकाच वेळी कानावर येतं खरं, पण त्या दोघांचं एकमेकांशी देणंघेणं नसतं. आरतीची लय वाढली म्हणून भजनवाला काही बदलत नाही. हा गोंगाट, फार तर भक्तिमय गोंगाट म्हणा. पॉलीफनीत दोन किंवा अधिक चाली एकदम चालतात. प्रत्येक चाल एकटी गायली तरी उभी राहते आणि तरीही या चालीचा हा सूर त्या चालीच्या कुठल्या सुरावर पडणार, याचा हिशेब आधी झालेला असतो.

युरोपात चर्चमधल्या एकसुरी स्तोत्राला आणखी एक आवाज जोडण्यापासून हे सुरू झालं. पॅरिसच्या नोत्र दामशी जोडलेली लेओनँ आणि पेरोतँ ही नावं बाराव्या-तेराव्या शतकातली. पुढे जर्मन संगीतकार बाखपर्यंत (निधन १७५०) याची पूर्ण विद्या झाली. फ्यूगमध्ये एक आवाज छोटीशी चाल मांडतो, दुसरा तीच चाल पंचमावरून उचलतो, आणि तोवर पहिला गप्प बसलेला नसतो, तो पुढचं काहीतरी वेगळंच गात असतो.

आपल्याकडे? मी बावीस वर्षं पेटी वाजवतोय. साथीला बसलो की गायकाची ओळ किंचित मागून वाजवतो, थोडी गाळतो, थोडी भरतो. त्याला हेटेरोफनी म्हणतात. चाल एकच, तिच्या सावल्या दोन. जुगलबंदी बहुतेक वेळ आळीपाळीनेच चालते. तेव्हा पॉलीफनी आपल्याकडे नाही, आणि नाही म्हणून काही अडलंही नाही. तानपुऱ्याच्या षड्जावर एकेक सूर तासभर न्याहाळायचा असेल तर शेजारी दुसरी चाल म्हणजे अडगळ. गायक द. वि. पलुसकर ज्या गावात जन्मले (१९२१) तिथल्या लोकांना हे मी काय सांगणार.

अल्टोवाली मावशी
द्वारका भाऊ, लेकीला आधी माझ्याकडून एक चॉकलेट द्या. मी शरणपूरची, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये अल्टोच गाते.

आता वाईट बातमी. तुमच्या आईंचं बरोबर आहे! 😄 आमची बरीचशी गीतं चार आवाजांत असतात, सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बेस. पण चौघं एकाच वेळी एकच अक्षर म्हणतात. चाल सोप्रानोची, आम्ही खालून कॉर्ड (एकदम वाजणारे जुळते सूर) भरतो. ही होमोफनी. सोप्रानोने चाल घेतली, बेसने पाया घेतला, मग कॉर्डमध्ये जे सूर शिल्लक राहतात ते आमच्या वाट्याला. उरलंसुरलंच म्हणायचं ते. म्हणून अल्टो एका सुरावर अडकल्यासारखं वाटतं.

माझी कसोटी सोपी आहे. प्रत्येक आवाजाला एकटं घरी पाठवा. घरच्यांना "चाल" ऐकू आली तर पॉलीफनी, "हे काय अर्धवट" वाटलं तर होमोफनी. तुमच्या स्वयंपाकघरात ही परीक्षा झालेली आहे.

सरावासाठी एक सांगते. वर्गातल्या एखाद्या सोप्रानो मुलीकडून तिची ओळ फोनवर रेकॉर्ड करून घ्या. आधी अगदी हळू आवाजात लावायची आणि वरून अल्टो म्हणायचं. रोज थोडा आवाज वाढवायचा. ज्या दिवशी पूर्ण आवाजातही पोर घसरणार नाही, त्या दिवशी तिला स्वतःलाच कळेल की आपण काय धरून ठेवलंय. आणि एका कानात बोट घालायला लाजू नको म्हणावं, आम्ही अजून घालतो.

रेव्हरंड टिळकांची भजनं मात्र आम्ही एकसुरात, पेटी-टाळावर म्हणतो. त्याच बाकावर, त्याच रविवारी.

जुनं नाशिक
अवांतर: शरणपूरचा विषय निघालाच आहे म्हणून. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनमध्ये शिकली होती. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोधक लिव्हिंग्स्टन याच्या शवाबरोबर १८७४ मध्ये इंग्लंडला गेला. 'नासिक बॉइज' म्हणूनच ती मुलं ओळखली जात. शरणपूर रोडवर रोज ट्रॅफिकमध्ये थांबणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

बोगद्यात अडकलेला
मला नव्हतं. आणि मी तिथे रोज थांबतो.

ताशा नंबर दोन
शुद्ध मध्यम सर, आदर ठेवून असहमत. अहो नाशिक ढोल विसरलात? पथकात ढोल एका बाजूला टिपरूने आणि दुसऱ्या बाजूला हाताने वाजतो, ताशा त्याच्यावर चौपट वेगाने काड्या चालवतो, झांजेचं वेगळं आणि टोल आपला सावकाश. चार जण चार गोष्टी वाजवतायत आणि समेवर सगळे एकत्र. हे काय मग?

शुद्ध मध्यम
सुंदर आहे. पण ते लयीचं. त्याला पॉलीरिदम म्हणू, फार तर चुलतभाऊ. ढोलाला चाल नसते.

ताशा नंबर दोन
ढोलाला चाल नसते म्हणणाऱ्याने गणपतीत आमच्यासमोर उभं राहून दाखवावं.

बोगद्यात अडकलेला
राहिला होता एक. आता त्याला पॉलीफनी काय, काहीच ऐकू येत नाही.

निळी शाई
तिसऱ्या प्रश्नाकडे येते. कादंबरीत हा शब्द आणला तो रशियन अभ्यासक मिखाईल बाख्तिन याने, कादंबरीकार दस्तयेवस्कीवरच्या पुस्तकात, १९२९ साली. त्याच सुमारास त्याला अटक झाली, मग कझाकस्तानात हद्दपारी. सुधारलेली आवृत्ती निघायला १९६३ उजाडलं.

त्याचं म्हणणं साधारण असं. बहुतेक कादंबऱ्यांत पात्रं पुष्कळ असतात, पण शेवटचा शब्द लेखकाचा. पात्रं म्हणजे मावशींच्या भाषेत अल्टो, टेनर आणि बेस. लेखकाची चाल भरायला ठेवलेली. दस्तयेवस्कीकडे तसं होत नाही. तिथे खुनी स्वतःची बाजू अशी मांडतो की वाचता वाचता आपण मान डोलावतो आणि मग दचकतो. लेखक वरून निकाल देत नाही, पात्राच्या शेजारी उभा राहून बोलतो. बाख्तिनने हेही स्पष्ट केलंय की संगीतातला शब्द आपण उपमा म्हणून उसना घेतलाय, त्यापलीकडे ताणू नका. तो शहाणा होता. परीक्षणं लिहिणारे ताणतात. दोन निवेदक दिसले की ठोक शिक्का, 'बहुस्वरी'.

भद्रकाली स्टँड
मग प्रत्येक नाटक पॉलीफनीच झालं की. शिरवाडकर, कानेटकर दोघंही आपल्या गावचे, उगाच रशियाला कशाला जायचं?

निळी शाई
नाटकात आवाज मोजून होत नाही. पुष्कळ नाटकांत एक पात्र लेखकाचं वकीलपत्र घेऊन आलेलं असतं आणि बाकीचे त्याला टाळीची वाक्यं मिळावीत म्हणून प्रश्न विचारतात. कुठली ते तुम्हीच आठवा, मला कालिदास नाट्यगृहात परत जायचंय.

भद्रकाली स्टँड
बरं. पण मूळ अडचण राहतेच. गाण्यात चार सूर खरंच एकदम वाजतात. छापील पानावर एका वेळी एकच शब्द. 'एकाच वेळी' हा भाग भाषेत कुठून आणणार?

कळवणचा भाऊ
मी भाषेतला नाही, खतांच्या दुकानातला आहे. पण एक सांगतो. लग्नाला मित्र आला नाही. बायको म्हणाली, "तुमच्या मित्राला म्हणे वेळ नव्हता."

एवढंच वाक्य. आता मोजा. 'वेळ नव्हता' हे मित्राचं. ते मला सांगतेय बायको. आणि 'म्हणे'मध्ये तिने जो हेल काढला त्यात तिसरी एक बाई आहे, जी म्हणतेय की माझा ह्यावर काडीचा विश्वास नाही. तिघं एका दमात बोलले. एकदम नाही तर काय?

आणि त्याच वेळी माझ्या फोनवर आई होती, "काय करी ऱ्हायना भो?" तिच्याशी अहिराणी, बायकोशी मराठी, समोर गिऱ्हाईक उभं त्याच्याशी युरियाच्या गोण्यांची भाषा. ते वेगळंच.

निळी शाई
भाऊ, दंडवत. खतांच्या दुकानात काय खातं काय माहीत डोकं.

जोडाक्षर
कळवणच्या भाऊंनी नेमका हात घातलाय. 'म्हणे' हे क्रियापद होतं, आता ते बाजूला उभं राहून वाक्याची मालकी दुसऱ्याकडे ढकलतं. "तो म्हणे मुंबईला गेला" म्हटलं की गेला-न गेला याची जबाबदारी माझी नाही. 'म्हणून'चंही तसंच. "येतो म्हणून गेला तो आलाच नाही" यात 'येतो' हे त्याचे शब्द जसेच्या तसे माझ्या वाक्यात बसलेत, प्रथमपुरुषी. कानडीत 'अंत' हेच काम करतो.

फ्रेंच भाषाभ्यासक ओस्वाल्द द्युक्रो याने तर साध्या नकारातही दोन आवाज दाखवले. मराठीत 'काही' घातलं की ते लख्ख दिसतं. "मी काही रडत नाहीये." हे वाक्य कोण कधी म्हणतं? समोरच्याने आधी "रडतेस काय" म्हटलेलं असतं तेव्हाच. निदान त्याने तसं पाहिलेलं तरी असतं. त्याचा न उच्चारलेला आवाज वाक्यात शिल्लक राहतो. धागाकर्त्यांच्या मुलीने त्या संध्याकाळी हेच वाक्य म्हटलं असणार, पैज लावतो.

द्वारका सर्कल
हरलो. अगदी हेच म्हणाली.

जोडाक्षर
अजून एक, मग थांबतो. लिपीच्या अभ्यासात पॉलीफनीचा तिसराच अर्थ आहे, एका चिन्हाला अनेक उच्चार. मेसोपोटेमियाच्या कीलाक्षर लिपीत एकेका खुणेचे कितीतरी उच्चार होत. आपण हसायचं कारण नाही, आपला च आणि ज बघा. "जात नाही ती जात" मोठ्याने म्हणा. पहिला ज दातांपाशी, दुसरा टाळूला. लिहिताना एकच. 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, तेच. शाळेत हे कुणी शिकवत नाही आणि नाशिकचं पोर चुकतही नाही. परप्रांतीय मित्र मात्र 'चमचा' म्हणाला की अख्खा डबा हसतो.

रात्रपाळी
अंबडला रात्रपाळीत हा धागा वाचतोय, मशीनच्या आवाजात, म्हणजे पार्श्वसंगीत आहे. कुणीतरी व्हॉयेजरचं लिहील असं वाटलं होतं, नाही लिहिलं म्हणून लिहितो. १९७७ मध्ये यानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच तबकडीवर जॉर्जियातलं 'चाक्रुलो' आहे, पुरुषांचं कोरस गाणं, चर्चबाहेरची लोकपरंपरा. बाखचा एक फ्यूग पण आहे. म्हणजे एकटा आवाज आणि गुंफलेले आवाज दोन्ही पृथ्वीच्या नावावर जमा. जॉर्जियाच्या त्या गाण्याला २००१ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हटलं. मुद्दा हा की पॉलीफनी म्हणजे निव्वळ युरोपियन पंडिती नाही. मध्य आफ्रिकेच्या जंगलात अका लोक कागदाचा तुकडा न वापरता गातात.

सुपरवायझर आला. नंतर.

खर्जातली
खुर्ची सोडते. शुद्ध मध्यम, 'आपल्याकडे नाही' हे जरा घाईत लिहिलंत. पं. जसराजांच्या जसरंगीचं काय? गायक आणि गायिका दोन वेगळे राग, आपापल्या षड्जावर, एकत्र गातात.

शुद्ध मध्यम
लिहून पाठवल्यावर तेच आठवलं होतं, वाटलं कुणी विचारणार नाही. विचारलंत, आता कागद घेऊन बसतो.

अभोगी घ्या: सा रे, कोमल ग, म ध. आता याच सुरांत मध्यमाला षड्ज माना. धैवत झाला शुद्ध गंधार. वरचा षड्ज झाला पंचम. रिषभ झाला धैवत आणि कोमल गंधार झाला कोमल निषाद. सा ग प ध नि, म्हणजे कलावती! पट्ट्या पेटीच्या त्याच पाच, पण एकाचं घर सफेद एकवर आणि दुसरीचं चारवर. बाईंचा स्वर पुरुषापेक्षा साधारण तेवढाच वर असतो, म्हणून दोघं आपापल्या सोयीच्या पट्टीत राहतात. मूर्च्छनेचं (सूर तेच, षड्ज बदलायचा) जुनं तत्त्व आहे.

अजूनही म्हणेन की त्यात बराच भाग आळीपाळीचा असतो. पण जिथे दोघं एकदम गातात तिथे दोन स्वतंत्र चाली, एकमेकींचा हिशेब ठेवून. अर्धं विधान मागे घेतो.

खर्जातली
पेटीवाल्याने अर्धं मागे घेतलं म्हणजे पुष्कळ. 🙏 चित्रपटसंगीतातलं पण धरा. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा अरेंजर होते. गायिका गातेय आणि मागे व्हायोलिन भलतीच चाल वाजवताहेत, तरी कुठे टोचत नाही. सलील चौधरींनी तर मुंबईत क्वायरच उभा केला. साठ वर्षं आपण ते ऐकतोय, फक्त लक्ष लताबाईंकडे असतं.

भद्रकाली स्टँड
सगळं झालं, पण मराठी शब्द कुणीच दिला नाही. बहुस्वरी?

जोडाक्षर
'स्वर' म्हणजे सूर, स्वर म्हणजे आवाज, आणि स्वर म्हणजे अ आ इ ई. बहुस्वर तर भूपही आहे, पाच स्वर.

निळी शाई
समीक्षेत 'बहुआवाजी' वाचलंय. ऐकायला बाजारासारखं वाटतं.

बोगद्यात अडकलेला
'बहुध्वनी' करा. पोलीस कारवाई करतील.

कळवणचा भाऊ
पॉलीफनीच म्हणा ना. टेबलाला काय म्हणतो आपण?

द्वारका सर्कल
सगळ्यांचे आभार. आता आमच्या प्रयोगशाळेतला वृत्तांत.

काल पावसात लाइट गेली. मावशींची कसोटी आणि सरांचा फ्यूग डोक्यात होताच. म्हटलं, एकच गाणं मागेपुढे सुरू करून बघू. सगळ्यांना येणारं गाणं एकच, 'ये रे ये रे पावसा'. मुलीने सुरुवात केली, ती दुसऱ्या ओळीला पोचल्यावर मी पहिली धरली, मग आई. आणि फसगत! त्या गाण्याच्या सगळ्या ओळींची चाल एकच आहे हो. ओळीमागून ओळ तीच. तिघं तीन ठिकाणी, पण सूर एकच. चालींची गुंफण शून्य, शब्दांची मात्र उडाली गाळण. आई मध्येच थांबली आणि म्हणाली, "थांबा रे, मी अजून पैसा द्यायचीय आणि हिचा खोटा झालासुद्धा!"

शुद्ध मध्यम
हसू नका, यालाही परंपरा आहे. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये मोटेट नावाचा प्रकार होता, त्यात एकेक आवाज वेगळेच शब्द गायचा. कधी एक आवाज लॅटिनमध्ये देवाचं, दुसरा फ्रेंचमध्ये प्रेयसीचं, एकाच वेळी. ऐकणाऱ्याला काय कळायचं देव जाणे. तुमच्या घरी चाल एक आणि शब्द अनेक, म्हणजे त्याचं अर्धं झालं.

अल्टोवाली मावशी
'फ्रेरे जाक' घ्या, लहान मुलांचं आहे. चार ओळी, चार वेगळ्या चाली, एकमेकींवर चपखल बसतात. कार्यक्रम कधी आहे ते कळवा.

द्वारका सर्कल
कार्यक्रम काल झाला. मावशींच्या रेकॉर्डिंगच्या युक्तीने काम केलं, पोर शेवटपर्यंत घसरली नाही (एका कानात बोट होतं, फोटोत आलंय). पूर्ण गाणं एकत्र ऐकलं तेव्हा मला तिची ओळ शोधूनही सापडेना. आहे हे कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं.

आईचं उलटं. ती माझ्या शेजारी, चौथ्या रांगेत. दुसऱ्या कडव्याला बघतो तर ही डोळे मिटून गुणगुणतेय, आणि मुख्य चाल नाही, खालची! महिनाभर स्वयंपाकघरात तिने तेवढीच ऐकलेली, तिच्या लेखी गाणं तेच. एका सुरावर सहा-सात अक्षरं, एक पायरी खाली, परत वर. पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. त्यांना वाटलं, आजी बेसूर म्हणतायत.

अल्टोवाली मावशी
आजींना येत्या रविवारी पाठवून द्या. आमच्याकडे अल्टोला माणसं कमी आहेत.